डॉक्टर, राजकारणात यायचंय? आधी मतदार यादी हातात घ्या

निवडणुकीचे वारे वाहू लागले की दोन-तीन तरुण डॉक्टरांचे फोन ठरलेले. "सर, तुम्ही दवाखाना सोडून राजकारणात कसे गेलात?" दवाखाना सोडलेला नाही, अर्धा केलाय. कोल्हापुरात शाहूपुरीतली ओपीडी आता फक्त संध्याकाळी असते. आणि मी कुठं निवडूनही आलेलो नाही. एका खासदारांना संसदेसाठी आरोग्याचे प्रश्न लिहून देतो, निवडणुकीत बूथ सांभाळतो. एवढंच.

सुरुवात ऑगस्ट २०१९ च्या महापुरात झाली. चिखली-आंबेवाडीची माणसं शहरात आणली होती. एका शाळेत बाकावर बसून मी लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, भीतीनं डॉक्सी या अँटिबायोटिकच्या गोळ्या वाटत होतो. एक आजी म्हणाली, "गोळ्या खातो की डॉक्टर. पर म्हसरं तिकडंच हाईत न्हवं, त्यांचं कोण बघणार?" मी काय केलं? तिचं बीपी बघितलं. १७० होतं. गोळी लिहून दिली आणि "पुढचं कोण?" म्हणालो. पुढं राजकारणात मला जो दोष सगळ्यात जास्त नडला, तो हाच. समोरचा बोलायला लागला की आपला हात पेनाकडं जातो. कार्यकर्ता वीस मिनिटं रस्त्याचं गाऱ्हाणं सांगतो आणि त्याला उपाय नको असतो, आपण ऐकतोय का हे बघायचं असतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

दुसरा गैरसमज पेशंटचा. "डॉक्टर, तुमच्यासाठी काय पण!" म्हणणारा माणूस मतदानादिवशी आपल्या गटाकडं जातो. त्यात बेइमानी काही नाही. त्याचा ऊस, दूध, सोसायटीचं कर्ज गटाच्या हातात असतं, आपल्या हातात फक्त त्याची शुगर. इथं राजकारण जोडण्यांवर आणि ईर्षेवर चालतं. २०१९ च्या लोकसभेला सतेज पाटलांच्या 'आमचं ठरलंय' एवढ्या दोन शब्दांच्या घोषणेनं जिल्हा हलला, त्यात जाहीरनामा शोधून सापडणार नाही. शिवाय कोल्हापूर लोकसभेत उत्तर, दक्षिण, करवीर, कागल, राधानगरी आणि चंदगड असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. पेठेत तुमचं नाव असेल, चंदगडात कुत्रं ओळखत नाही.

आता दिल्लीचं. माझा पहिला प्रश्न होता सरकारी रुग्णालयात एमआरआयसाठी मिळणाऱ्या लांबच्या तारखांवर. नाकारला गेला. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यघटनेच्या राज्यसूचीत, सहाव्या नोंदीत आहेत, म्हणजे विषय राज्य सरकारचा. एमबीबीएसला हे कुणी शिकवत नाही. वैद्यकीय शिक्षण मात्र समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हातात, त्यामुळं सीटा, नीट, वैद्यकीय आयोग यावर केंद्राला विचारता येतं. तोच प्रश्न मग फिरवून लिहिला: राष्ट्रीय आरोग्य अभियानातून महाराष्ट्राला तीन वर्षांत किती निधी मंजूर झाला, किती खर्च झाला, तपासणी यंत्रांवर किती? तो स्वीकारला गेला. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न लागतात, तेही सोडतीनं. त्यातले तोंडी उत्तरापर्यंत थोडेच पोचतात. बाकीच्यांचं लेखी उत्तर. नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. केसपेपर नीट लिहायची सवय असेल तर हे काम जमतं: तक्रार एका ओळीत, कधीपासून, आधी काय उपचार झाले. हा एकच गुण मी दवाखान्यातून जसाच्या तसा नेला.

दुसरं उपयोगी काम शिफारसपत्रांचं. उपचाराच्या खर्चाला पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून मदत मिळावी म्हणून खासदारांचं पत्र मागायला रोज माणसं येतात. कॅन्सर, किडनी, हार्ट. ऑपरेशन करून, बिल भरून आलात तर उपयोग नसतो. खर्चाचा अंदाज आधी जोडावा लागतो. कागद बघून "हे रुग्णालय निधीच्या यादीत आहे का, आधी बघून या" असं सांगणारा डॉक्टर त्या कार्यालयात लागतोच.

लोकसभेला उभंच राहायचं असेल तर: वय २५ पूर्ण, अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत की ती गेली. आपल्याकडं लोकसभेची खर्चाची मर्यादा ९५ लाख, त्यासाठी वेगळं बँक खातं. सरकारी नोकरीत असाल तर राजीनाम्याशिवाय पाऊल टाकू नका, १९७९ चे वर्तणूक नियम पक्षाचं काम करू देत नाहीत. आचारसंहितेत मोफत शिबिराचा मोह टाळा, चिन्हाखाली वाटलेलं औषध आमिष ठरू शकतं. आणि डॉक्टर म्हणून आरोग्य खातंच मिळेल असं धरून चालू नका. कॅन्सरचे सर्जन सुभाष भामरे संरक्षण खात्यात राज्यमंत्री झाले, मुलांचे सर्जन भागवत कराड अर्थ खात्यात.

उत्पन्नाचं घरी आधी बोला. माझं निम्म्यावर आलं.

हे वाचूनही यायचंच असेल तर आपल्या केंद्राची मतदार यादी डाउनलोड करा, छापा आणि पेन्सिल घेऊन बसा. माझ्या बूथवर साडेनऊशे नावं होती. 'आपलेच पेशंट' म्हणत मी टिका मारायला घेतल्या, साठाच्या पुढं जाईनात. आणि अकरा नावं अशी निघाली, ज्यांचे मृत्यूचे दाखले मीच लिहिले होते. नाव कमी करायला सात नंबरचा फॉर्म असतो. तो घेऊन त्या अकरा घरी गेलो, आणि पेन खिशात ठेवून बसलो.