रंग गेला, पण काम झालं का?

मायक्रोबायोलॉजीच्या एम.एस्सी.ला ‘जिवाणूंकडून कापडाच्या रंगांचं विघटन’ हा विषय घ्यावासा वाटतो, कारण निकाल डोळ्यांनी दिसतो. गोव्यात हा विषय घेतलात तर व्हायव्हाला पहिला प्रश्न ठरलेला: इथे कापड रंगवणारे कारखाने आहेत तरी किती? फारसे नाहीत, पण मिठागरं आहेत. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) रंग चढवताना मीठ भरपूर लागतं, त्यामुळे सांडपाणीही खारट. त्यात साधे जिवाणू मान टाकतात. रायबंदर किंवा आगरवाड्याच्या मिठागरातल्या चिखलात मिठाला सरावलेले सापडतात. नमुना मीठ पिकण्याच्या दिवसांत घ्या, आणि मालकाला विचारूनच आगरात उतरा. तयार होत आलेल्या मिठात चिखलाचा पाय पडला तर तो ऐकवणारच, आणि ते बरोबरच आहे.

आता खरी गोम. अ‍ॅझो रंग हा कापडाच्या रंगांचा एक गट; त्यातला रंग दोन नायट्रोजनमधल्या दुहेरी बंधात असतो. अ‍ॅझोरिडक्टेज एन्झाइम तो बंध तोडतं, पण ऑक्सिजन असला की त्याचं काम अडतं. म्हणून शेकरवर फिरणारा फ्लास्क बऱ्याचदा रंगीत राहतो आणि त्याच कल्चरच्या (वाढवलेल्या जिवाणूंच्या) स्थिर ठेवलेल्या फ्लास्कचा रंग उतरतो. स्थिर फ्लास्क न हलवता उजेडात धरा: खाली फिकट, वर हवेलगत रंगाची पातळ कडा. ही कडा बघायची सवय लावा, पुस्तकातली अर्धी थिअरी तिथेच कळते.

फिकट दिसलं की लगेच टक्केवारी काढू नका. आधी सेंट्रिफ्यूज करून (जोरात फिरवून पेशी तळाशी बसवून) खालचा गोळा बघा. तो रंगीत असेल तर जिवाणूंनी रंग नुसता चिकटवून घेतलाय. मेलेल्या पेशींचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा फ्लास्क, याचसाठी हवा. मग पीएच मोजा. माध्यमात ग्लुकोज असेल तर आम्ल तयार होतं, आणि काँगो रेड आम्लात निळा पडतो. त्यात जिवाणूंचं कर्तृत्व काहीच नाही. मिथिलीन ब्ल्यू घेतला असेल तर फ्लास्क हलवा. निळा परत आला तर रेणू तुटलेलाच नव्हता. तो अ‍ॅझो रंग नाहीच, तरी नवखे त्याच रांगेत बसवतात.

समजा, रंग खरंच तुटला. तुटून जे उरतं ते अ‍ॅरोमॅटिक अमाइन नावाची संयुगं, आणि त्यातली काही मूळ रंगापेक्षा घातक. त्यांचं पुढचं विघटन सहसा ऑक्सिजन असतानाच होतं. म्हणून आधी विनाहवा, नंतर हवा देऊन, असे दोन टप्पे लागतात. ९५ टक्के रंग गेल्याचा आलेख काढून थांबणारे प्रबंध मला तरी अर्धवट वाटतात. निदान सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन) मोजा आणि प्रक्रिया केलेल्या पाण्यात मूग रुजवून मुळांची लांबी बघा. दोन्हींना महागडं यंत्र लागत नाही. एचपीएलसीची (मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राची) सोय कुठे होईल, हे मात्र विषय ठरवण्याआधीच गाइडना विचारून घ्या.

नोकरीचं म्हणाल तर रंगांवर अडून राहू नका. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपन्यांत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प, असतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण सीओडी मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. मुलाखतीत जिवाणूचं नाव क्वचितच विचारतात. सीओडी अचानक चढला तर आधी काय तपासाल, हे विचारतात.