पोपोले मिसेंगाची मॅच कशी बघायची (ज्युदोतलं काही कळत नसेल तरी)

काँगोचा ज्युदोपटू, रिओत निर्वासितांच्या टीमकडून खेळलेला पोपोले मिसेंगा, त्याचं नाव काढलं की लोक लगेच निर्वासित, काँगोचं युद्ध वगैरे सुरू होतात, पण त्याचा खेळ फार कमी लोकांनी नीट बघितलाय. तर आधी मॅच बघा.

१० ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिम्पिक, ९० किलो, पहिली फेरी, समोर आपला अवतार सिंग. हो, आपलाच पंजाबचा गडी, त्या ऑलिम्पिकला ज्युदोत भारताकडून तो एकटाच होता. त्यामुळे कोणाला चिअर करायचं हा घोळ होणारच, माझाही झाला.

कुस्ती बघितली असेल तर निम्मं काम झालंच. कुस्तीत चितपट तसं इथे इप्पॉन, म्हणजे जोरात आणि ताबा ठेवून पाठीवर आपटलं की खेळ खल्लास, नाहीतर खाली दाबून धरायचं, तेव्हाच्या नियमात २० सेकंद. इप्पॉनच्या खालचा गुण वाझा-आरी आणि त्याच्याही खालचा, सगळ्यात छोटा, युको. फरक एवढाच की इथे पट काढता येत नाही, २०१३ पासून पायाला हात लावायचा नाही, म्हणून सगळी मारामारी जॅकेटच्या कॉलर-बाहीसाठी. नवखा माणूस इथेच कंटाळतो, 'नुसते ओढताहेत' म्हणतो. अहो तेच बघायचंय! कोणाचा हात आधी बसतो, कोण झटकून सोडवतो, कोण मागे मागे सरकतो (फार टाळाटाळ केली की शिदो, म्हणजे दंड). पुरुषांची मॅच तेव्हा ५ मिनिटांची होती, आता ४ ची.

पोपोले जिंकला तो एका युकोवर, बस्स तेवढ्यावर. त्यामुळे मोठी फेक बघायला मिळेल म्हणून बसू नका, बोर्डाकडे लक्ष ठेवा. पुढच्या फेरीत कोरियाचा ग्वाक डोंग-हान, २०१५ चा वर्ल्ड चॅम्पियन, तिथे पोपोले हरला.

आता आवाज वाढवा. हॉलभर 'पोपोले, पोपोले' चाललंय, आणि यजमान तर ब्राझील, मग परक्यासाठी का? कारण तो परका राहिलाच नव्हता. २०१३ ला रिओत वर्ल्ड चॅम्पियनशिपला काँगोच्या टीमबरोबर आला आणि परत गेलाच नाही. हरलं की कोच कोंडून ठेवायचे, जेवायलाही धड द्यायचे नाहीत असं त्याने स्वतः सांगितलंय. नंतर ब्राझीलने आसरा दिला आणि तो जेराल्डो बर्नार्डेस यांच्याकडे शिकायला लागला. याच बर्नार्डेसची शिष्या राफाएला सिल्वा, रिओच्या गरीब वस्तीतली पोरगी, दोनच दिवस आधी ५७ किलोत गोल्ड घेऊन गेलेली. म्हणजे गर्दीच्या हिशोबाने पोपोले त्यांच्याच तालमीतला.

मॅच झाली की मग त्याची लहानपणची गोष्ट वाचा, युद्धात घरच्यांपासून ताटातूट, जंगलात काढलेले दिवस, किन्शासात अनाथ मुलांमध्ये शिकलेला ज्युदो. क्रम उलटा केलात तर मॅचभर नुसतं वाईट वाटत राहतं आणि त्याची पकड दिसतच नाही.

वेळ उरला तर टोकियोची पण मॅच बघा, तिथे हंगेरीच्या टोथसमोर पहिल्याच फेरीत गेला. स्टेडियम रिकामं होतं, कोरोनामुळे. पोपोलेची मॅच आणि आवाजच नाही, विचित्र वाटतं.