नववी-दहावीच्या वर्गात मुक्ता साळवेचा निबंध कसा शिकवावा

जातीच्या पूर्वग्रहावर तास घ्यायचा असेल तर ‘आपण सारे समान’ने सुरुवात करू नका. मुलं ते वाक्य पेपरात बिनचूक लिहितात आणि मधल्या सुट्टीत आडनाव बघून डब्याला कोणासोबत बसायचं ते ठरवतात. थेट मजकूर हातात द्या. मी मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध घेते. तो 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. लिहिणारी पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकत होती, तुमच्या वर्गातल्या मुलींच्याच वयाची.

झेरॉक्स वाटा, जुने शब्द फळ्यावर लिहा, निबंध स्वतः मोठ्याने वाचा.

पेशवाईत तालीमखान्यापुढून मांग-महार गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं मुक्ता लिहिते. पुण्याच्या मुलांना गुलटेकडी म्हणजे मार्केट यार्ड. इथे वर्ग गप्प होतो, आणि खरी कसोटी इथूनच लागते. मला हा टप्पा बरीच वर्षं जड गेला.

कारण त्या शांततेत माना वळतात. एखाद्या मुलाकडे सगळे चोरून बघतात, तो बाकावरच्या रेघा खरवडत बसतो. अशा वेळी ‘तुझ्या घरचा काही अनुभव सांग’ असं त्याला चुकूनही म्हणू नका. प्रशिक्षणात हा सल्ला सर्रास देतात. तो घातक आहे. ते मूल शिकायला आलंय, वर्गासाठी स्वतःच्या जखमा उघड्या करायला नाही. निनावी चिठ्ठ्याही नकोत. दहावीपर्यंत मुलं एकमेकांचं अक्षर ओळखतात.

प्रश्न मजकुरालाच विचारा आणि रोख अन्याय करणाऱ्यांकडे ठेवा. हा खेळ कोणाच्या हुकमाने चालला? बघे कोण होते? आम्हाला गाई-म्हशींपेक्षाही नीच मानलं, असं मुक्ता म्हणते. त्यात कोणाचा फायदा होता? माना आपोआप कागदाकडे वळतात.

मग कोणीतरी म्हणतंच, “बाई, आता कुठे असं राहिलंय?” त्याला गप्प करू नका. भाड्याचं घर बघायला गेल्यावर मालक आधी काय विचारतो, एवढंच विचारा. उत्तरं मागच्या बाकांवरून येतात. आरक्षणाचा विषय निघाला तर त्यासाठी वेगळा तास ठरवा, फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहा आणि तो तास खरोखर घ्या. टाळलात तर मुलं व्हॉट्सअ‍ॅपवरचंच खरं धरतात.

शेवटी लेखन. ‘तू मुक्ता आहेस असं समजून पत्र लिही’ हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. तिचं तिने लिहून ठेवलंय, आणि आपल्यापेक्षा कितीतरी धारदार. त्यापेक्षा तालीमखान्यापाशी उभं राहून सगळं बघणाऱ्या आणि काहीच न बोलणाऱ्या माणसाच्या बाजूने एक पान लिहायला सांगा. घरी लिहू द्या. त्याला मार्क देऊ नका, वर्गात वाचूनही दाखवू नका. समासात तुमचा एखादा प्रश्न लिहा आणि वही ज्याच्या त्याच्या हातात परत द्या.