पहिल्या पावसाला माळावर शेळ्या सोडू नका

माण, आटपाडी, सांगोला पट्ट्यात वळवाच्या दोन सरी पडल्या की बोराटीला कोवळी फूट येते आणि गावोगावचे कळप माळावर सुटतात. कोकणात उतरलेले धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे तांडेही याच सुमारास घाट चढून परत येतात. माळाचं वाटोळं उन्हाळ्यात होत नाही, या पंधरवड्यात होतं.

उन्हाळ्यात बोरी पानं गाळतात. जूनची पहिली फूट येते ती मुळांत साठवलेल्या अन्नावर. ती खुडली की झुडूप पुन्हा मुळांतलंच काढून फुटतं. शेळी ते परत खुडते. दर वर्षी असंच चाललं की खोड वाळायला लागतं. मग जागा कोण घेतं? ज्याला शेळी तोंड लावत नाही ते, म्हणजे तरवड आणि घाणेरी. वेड्या बाभळीच्या शेंगा तर जनावरंच खातात आणि शेणा-लेंड्यांतून बी पेरत फिरतात. लांबून माळ हिरवागार दिसतो, म्हणून गेलेलं कुणाच्या ध्यानात येत नाही. भुकेली शेळी शेवटी घाणेरी खाते आणि यकृत जातं. ग्रीस-स्पेनच्या कोरड्या डोंगरांवरही चवीचं संपून काटेरी तेवढं मागे उरतं. तिथला पाऊस हिवाळी, एवढाच फरक.

माळाचे चार भाग करा. पहिल्या दमदार पावसापासून निदान एक भाग सहा ते आठ आठवडे पूर्ण बंद, दर वर्षी वेगळा. उरलेल्या भागांत निम्मा पाला संपला की कळप पुढे हाका. माझा आडाखा असा: टाकळ्याला पिवळी फुलं दिसेपर्यंत बंद भाग उघडू नये. पुस्तकात हे सापडणार नाही, पण माळावर चालतं.

तोवर गोठ्यातली सोय:
- 30 किलोच्या शेळीला दिवसाला 3 ते 4 किलो हिरवा चारा, अर्धा ते एक किलो वाळला.
- सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत.
- 100 किलो कडब्याच्या कुट्टीला 4 किलो युरिया, 40 ते 50 लिटर पाण्यात; 21 दिवस हवाबंद. करडांना देऊ नये.
- खनिज मिश्रण रोज 10 ते 15 ग्रॅम.
- आंत्रविषाराची लस पावसाआधी, सरकारी दवाखान्यातून. कोवळ्या गवतावर हा रोग उसळतो.
- ज्वारीचे कोवळे फुटवे अजिबात नकोत.

याच दिवसांत दुकानदार लिव्हर टॉनिकच्या बाटल्या गळ्यात मारतात. ते पैसे कडब्याला ठेवा. माळाला बंदीखेरीज औषध नाही.

एकट्यानं पाळून मात्र भागत नाही, शेजारचा कळप रात्रीत शिरतो. हिवरे बाजारनं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली ती सगळ्या गावानं मिळून. परतणाऱ्या वाड्यांच्या म्होरक्यांनाही बैठकीला बोलवा, नाहीतर भांडण ठरलेलं. पाऊस लागल्यावर हद्दी ठरत नाहीत. दगडांना चुन्याच्या खुणा या आठवड्यातच मारा.