अष्टूरच्या कबरी बघायच्या तर आधी पडकी बघा

उदगीरहून बीदर ही आमच्या शाळेची ठरलेली सहल. बीदरजवळच्या अष्टूर गावात बहमनी सुलतानांच्या घुमटाच्या कबरी आहेत. चित्रकलेचा मास्तर म्हणून मी सोबत असायचो आणि सुरुवातीची काही वर्षं मुलांना थेट अहमदशाह वलीच्या कबरीत न्यायचो. पोरं आत शिरायची आणि "सर, अंधार आहे" म्हणत बाहेर पळायची.

म्हणून आता सांगतो, आधी त्याच्या नातवाची, हुमायूनशाहची कबर गाठा. १४५८ ते १४६१ एवढाच काळ गादीवर होता, पण 'जालिम' म्हणून नाव राहिलं. वीज पडून घुमट उभा चिरला नि अर्धा कोसळला. आपल्याला आयता छेद मिळाला! भिंतीची जाडी, वर जाताना आत झुकणारा घुमट, सगळं उघडं. फळ्यावर मला हे कधीच जमलं नाही.

मग अहमदशाह वलीकडे. बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणणारा सुलतान, १४३६ मध्ये वारला. चपला बाहेर काढा, आत पाच मिनिटं नुसते थांबा. डोळे सरावले की एकच कोपरा धरा. खाली खोली चौकोनी, वर कोपऱ्यात तिरकी कमान, त्यामुळे अष्टकोन, त्यावर घुमटाचं वर्तुळ. ही रेघ बोटाने हवेत गिरवा. लोक बघतील, बघू द्या.

रंग शेवटी. आम्ही गेलो की राखणदार दारात आरसा धरून उन्हाचा कवडसा आत सोडायचा. कवडसा सरकेल तसा हिंगुळी लाल, निळा, सोनेरी पेटत जातो. ढगाळ दिवशी जाऊ नका, आणि फ्लॅश तर नकोच. वेलबुट्टी वाटते त्यातली बरीचशी अक्षरं आहेत. इराणातल्या किरमानजवळच्या शाह नेअमतुल्ला वली या सूफींची गुरुपरंपरा तिथे लिहिली आहे. वाचता आली नाही तरी अरबी अक्षरांची दोन वळणं, कोनदार कूफी आणि गोलाईची नस्ख, वेगळी ओळखता येतात. लिंगायत भाविकही या सुलतानाला मानतात. उरुसात जंगम येतात.

शेजारी अहमदशाहच्या मुलाची, अलाउद्दीनची कबर. इथे रंग बाहेर, दर्शनी भिंतीवरच्या चकाकत्या फरशांत. बऱ्याच गळाल्यात, उरलेल्या निळ्या तुकड्यांवरून मूळ नक्षी वहीत पुरी करायला मी मुलांना बसवायचो. परतताना वाटेत खलीलुल्लाची, म्हणजे शाह नेअमतुल्लांच्या मुलाची चौखंडी ही कबर लागते, तिथल्या काळ्या दगडातल्या कोरीव कामासाठी तासभर राखून ठेवा.