बेबाकी दाखला घ्या, मगच बोजा उतरेल

द्राक्षाचे पैसे हातात आले की निफाड-दिंडोरीकडे पहिली धावपळ असते ती 31 मार्चच्या आत गावच्या सोसायटीचं कर्ज भरायची. दरवर्षी नवं-जुनं करणाऱ्यांचं, म्हणजे जुनं भरून लगेच नवं कर्ज घेणाऱ्यांचं, ठीक आहे. पण कर्ज कायमचं बंद करायचं असेल, तर नुसती पावती खिशात घालून घरी जाऊ नका. सातबाऱ्यावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तसाच राहतो आणि पोराच्या घरकर्जाला किंवा जमिनीच्या व्यवहाराला नेमका आडवा येतो. सोसायटीत खतावणी लिहिताना हे मी कायम बघत आलो.

सोसायटीकडे मागायचा तो बेबाकी दाखला, कर्ज फिटल्याचा. हिंदी बातम्यांमुळे पोरांना 'बेबाक' म्हणजे बेधडक वाटतं. तो 'बाक' फारसी, अर्थ भीती. आपल्या कागदात आहे ती अरबी 'बाकी', तिच्या आधी फारसी 'बे', बेफिकीरमधला. म्हणजे येणं शिल्लक नाही.

दाखल्याआधी खातेउतारा घ्या. भरण्याच्या तारखेपर्यंतचं व्याज धरलंय का बघा. चार-दोन रुपये राहिले तरी खातं बंद होत नाही. दाखल्यावर नाव आधार कार्डाशी नव्हे, सातबाऱ्याशी जुळलं पाहिजे. गट नंबर, कर्जाची रक्कम, जावक क्रमांक, सही, शिक्का, सगळं खिडकीवरच वाचा. नंतर दुरुस्तीला चकरा होतात.

पुढचं काम तलाठ्याकडे. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठी आप्पाच. अर्ज ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरूनही होतो, त्यात 'बोजा कमी करणे' निवडून दाखला जोडायचा. सोसायटीचा बोजा बहुधा सहकार कायद्याच्या कलम 48 खालच्या इकराराचा, म्हणजे कर्जदाराने लिहून दिलेल्या कबुलीचा असतो, तो दाखल्यावर उतरतो. बँकेला नोंदणीकृत गहाणखत करून दिलं असेल, तर आधी दुय्यम निबंधकाकडे ते सोडवून घ्यावं लागतं.

फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, धरला की हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्यानंतर 15 रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढा. आधी खाली 'प्रलंबित फेरफार' नाही असं आहे का पाहा, मग 'इतर हक्क' वाचा. एकाच कर्जाचा बोजा दोन गटांवर असेल, तर अर्जात दोन्ही गट लिहा आणि दोन्ही उतारे काढा.