टोपोलॉजिकल इन्सुलेटरमध्ये सुपरकंडक्टिव्हिटी उतरवायची कशी, आणि खरंच उतरलीय का ते तपासायचं कसं

बिस्मथ सेलेनाइड हा टोपोलॉजिकल इन्सुलेटर आहे, म्हणजे तत्त्वतः आतून वीज न वाहू देणारा पण पृष्ठभागावरून वाहू देणारा पदार्थ. तो स्वतःहून सुपरकंडक्टर (विनारोध वीज वाहून नेणारा) होत नाही, पण त्याला नायोबियम किंवा ॲल्युमिनियम नीट चिकटलेलं असलं आणि सगळं पुरेसं थंड केलं की धातूतल्या कूपर जोड्यांचा (सुपरकंडक्टिव्हिटी घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्यांचा) प्रभाव सीमेपलीकडे थोडा आत शिरतो, यालाच प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. २००८ मध्ये लियांग फू आणि चार्ल्स केन यांनी दाखवलं की असं केलं तर पृष्ठभागावरच्या चुंबकीय भोवऱ्यांत मायोराना अवस्था (स्वतःच स्वतःचा प्रतिकण असल्यासारखी वागणारी अवस्था) मिळू शकते, म्हणून एवढी धडपड.

पहिल्यांदा करणार असाल तर क्रिस्टलच्या पापुद्र्यावर जोसेफसन जंक्शन करा, म्हणजे दोन सुपरकंडक्टर इलेक्ट्रोड आणि मधे अरुंद फट. स्कॉच टेपने क्रिस्टल सोलायचा, ऑक्साइडवाल्या सिलिकॉनवर उतरवायचा आणि २० ते ५० नॅनोमीटर जाडीचा सपाट तुकडा शोधायचा. फार पातळ घेऊ नका. याचा एक थर म्हणजे एकावर एक पाच अणु-थर, जवळपास १ नॅनोमीटर, आणि सहापेक्षा कमी थर झाले की वरचा-खालचा पृष्ठभाग एकमेकांत मिसळून पृष्ठभागावरच्या अवस्थांत ऊर्जेचा गॅप उघडतो, मग ज्यासाठी हे सगळं करतोय तेच जातं.

लिथोग्राफीत (इलेक्ट्रोडचा आकार छापताना) रेझिस्ट, म्हणजे छपाईचा लेप, नेहमीसारखा १८० डिग्रीला भाजू नका, १२० च्या आसपास जास्त वेळ ठेवा, कारण सेलेनियम पटकन उडून जातं. दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर १०० ते २०० नॅनोमीटर ठेवा.

आता खरा मुद्दा, इंटरफेस. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळ इथेच घालवावा, कारण हवेत ठेवलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइड चढतो आणि तो मधे राहिला तर बाकी सगळं कितीही छान असलं तरी हाती फार काही लागत नाही. म्हणून धातू चढवायच्या अगदी आधी, त्याच चेंबरमध्ये व्हॅक्यूम न तोडता, कमी एनर्जीच्या आरगॉनने काही सेकंद घासून घ्या. जास्त घासलंत तर क्रिस्टलच खराब होतो, तेव्हा आधी फालतू तुकड्यांवर वेळ ठरवून घ्या. मग टायटॅनियमचा काही नॅनोमीटरचा थर आणि त्यावर मुख्य धातू. नायोबियम ९ केल्विनच्या जरा वर सुपरकंडक्टर होतो, ॲल्युमिनियम १.२ ला, पण नायोबियम आहे म्हणून ४ केल्विनवर समाधान मानू नका, जंक्शनमधून येणारा सुपरकरंट नाजूक असतो, १ केल्विनच्या खाली जा, आणि वायर्सवर फिल्टर लावा नाहीतर बाहेरचा नॉइज इलेक्ट्रॉनना गरम ठेवतो.

चार वायर्सने मोजा. ठरावीक करंटपर्यंत (हाच क्रिटिकल करंट) व्होल्टेज शून्य राहिलं की लगेच आनंद नको, लिफ्ट-ऑफमध्ये (रेझिस्टसकट नको असलेला धातू काढताना) धातूचा पापुद्रा राहून थेट शॉर्ट झालेला असू शकतो. मग चुंबकीय क्षेत्र फिरवा. १ मायक्रॉन रुंद आणि ०.२ मायक्रॉन लांब जंक्शन असेल तर नुसत्या क्षेत्रफळावरून क्रिटिकल करंटमधला पहिला खड्डा १० मिलीटेस्लाच्या आसपास यायला हवा, प्रत्यक्षात तो आधीच येतो कारण क्षेत्र इलेक्ट्रोडच्या आत थोडं शिरतं आणि मधल्या फटीत एकवटतं. शॉर्टमध्ये असा नेटका पॅटर्न दिसत नाही. त्यानंतर मायक्रोवेव्ह सोडा, ४ गिगाहर्ट्झला शपिरो पायऱ्या (करंट-व्होल्टेज आलेखात ठरावीक व्होल्टेजला येणारे सपाट टप्पे) साधारण ८.३ मायक्रोव्होल्टच्या अंतराने दिसल्या पाहिजेत.

पहिली पायरी गायब दिसली तर ती मायोरानाची खूण असू शकते, २०१६ मध्ये मर्क्युरी टेल्युराइडवर तशी नोंद झालीय, पण पायरी नाहीशी व्हायला हीटिंगसारखी साधी कारणंही पुरतात, म्हणून फ्रीक्वेन्सी आणि तापमान बदलून बघितल्याशिवाय कुठेही लिहू नका. झिरो-बायस पीकचंही (शून्य व्होल्टेजला कंडक्टन्समध्ये दिसणारं शिखर, तेही मायोरानाची खूण मानलं जातं) तसंच, २०१८ चा नॅनोवायरवरचा एक गाजलेला पेपर २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला.

आणखी एक गोष्ट बरेच जण सोडून देतात. सेलेनियमच्या रिकाम्या जागांमुळे बिस्मथ सेलेनाइडच्या आतही भरपूर इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे तुमचा सुपरकरंट पृष्ठभागातून न जाता पोटातून जात असेल. बॅक गेट (खालच्या सिलिकॉनला व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉनची संख्या बदलणं) लावून क्रिटिकल करंट कसा बदलतो ते बघा, आणि शक्य असेल तर अँटिमनी व टेल्युरियम मिसळलेला क्रिस्टल घ्या, त्यात आतलं वहन बरंच कमी असतं. सगळी मोजमापं संपली की तोच डिव्हाइस इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवून फट खरंच मोकळी आहे ना ते पाहा. हे आधी करू नका, बीममुळे नमुना बिघडू शकतो.